पत्र्याच्या शेडमधला उन्हाळा आणि न सुकणारा घाम

माझा साडू अकोल्याला दुचाकींचं गॅरेज चालवतो, मी चिपळूणला. एप्रिल लागला की त्याचा फोन ठरलेला: "आमच्याकडे ४४, तुमच्याकडे ३६. मजा आहे बुवा तुमची." मग एका मे महिन्यात तो इथे राहायला आला. हौसेने माझ्याबरोबर कामाला बसला आणि दुपार व्हायच्या आत बनियन पिळून दोरीवर टाकत म्हणाला, "हे ऊन नाही, हे भलतंच काहीतरी आहे."

ते भलतंच म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम सुकल्याने होतं. एक लिटर घाम अंगावरच सुकला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने खाली गळला तर उष्णता आहे तिथेच राहते, पाणी आणि मीठ तेवढं जातं. अकोल्याच्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत सुकतो. आमच्याकडे दाभोळच्या खाडीच्या वाटेने ओलावा आत येतो आणि चहूबाजूंच्या डोंगरांनी वारा अडतो. घाम येतो भरपूर, सुकत मात्र नाही. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली तर अंगाला ते ४१ अंशांसारखं लागतं, आणि हा हिशेब सावलीतला आहे. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्यासुद्धा म्हणूनच वेगळी आहे. मैदानी भागात पारा निदान ४० ला पोचावा लागतो. किनारपट्टीवर नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर ३७ लाच लाट धरतात.

तेव्हा कोकण, मुंबई, ठाणे, रायगड, गोवा इथल्या गॅरेजवाल्याने एकच प्रश्न विचारत राहायचा: अंगावरचा घाम सुकतोय का? पुढचं सगळं त्यासाठी आहे.

आधी शेड

दुपारी शेडमध्ये उभं राहून डोक्यावर तळवा धरा. वरून जी धग येते ती हवेची नाही, तापलेल्या पत्र्याची आहे. ती पंख्याने हटत नाही, पत्राच कमी तापवावा लागतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याला वरून पांढरा रंग. चुना चालतो, पण पहिल्या पावसात धुऊन जातो. दरवर्षी मारायची तयारी असेल तर चुना, नाहीतर छपरासाठी मिळतो तो पांढरा रंग. त्याहून गुण येतो तो सावलीचा. पत्र्याच्या वर फूटभर अंतर ठेवून बांबूचा सांगाडा बांधा आणि त्यावर हिरवी शेडनेट ताणा. नेट पत्र्यावर चिकटवून टाकू नका, मधून वारा गेला पाहिजे. आमच्याकडे जुने लोक झावळ्या टाकायचे, त्याही उत्तम. पण गॅरेजवर ग्राइंडरची ठिणगी आणि वेल्डिंग असतं, म्हणून वाळक्या झावळ्या मला नकोशा वाटतात. त्याच कारणाने पत्र्याखाली थर्माकोलचं छत लावू नका. पेट्रोलच्या धंद्यात डोक्यावर थर्माकोल म्हणजे आगीला आमंत्रण, आणि ते पेटलं की वितळून अंगावर पडतं.

पत्र्यावर पाणी मारायचा उपाय इथेही लागू पडतो, कारण पाणी बाहेर सुकतं आणि वाफ बाहेरच जाते. फक्त पत्र्याचे स्क्रू आधी तपासा. उघड्या इंजिनात वरून थेंब पडला तर ग्राहकाला काय सांगणार?

मग हवेची वाट. गरम हवा पत्र्याखाली जाऊन साचते, तिला वरूनच बाहेर काढायला हवी. दोन्ही टोकांच्या भिंतींना अगदी वर जाळी ठेवा, किंवा वाऱ्याने फिरणारा तो गोल व्हेंटिलेटर बसवा, त्याला वीज लागत नाही. आणि मागची खिडकी उघडा. प्रत्येक गॅरेजला मागे खिडकी असते आणि तिच्यापुढे जुने टायर, फुटलेले मडगार्ड, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेले ब्लॉक यांचा ढीग असतो. तो ढीग भंगारवाल्याला द्या. पुढचं शटर आणि मागची खिडकी दोन्ही मोकळी झाली की शेड निम्मी सुधारते, तेही फुकटात.

पंखे. तापलेल्या पत्र्याखाली सीलिंग फॅन लावला तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. उभा किंवा भिंतीवरचा पंखा घ्या. तो सावलीच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवा आणि झोत कामावर बसलेल्याच्या पाठीवर येऊ द्या. पाठ मोठी असते, घाम तिथेच साचतो. तोंडावर झोत घेतला तर डोळ्यात धूळ जाते. समोरच्या बाजूला, वर, एक एक्झॉस्ट. पंख्याची हवा अंगापेक्षा थंड नसली तरी ती घाम सुकवते, म्हणून किनाऱ्यावर पंखा नेहमी कामाचा. पारा ४० च्या वर गेला की मात्र नुसता पंखा उलटा शेकतो. म्हणून साडूकडे कूलर लागतो आणि माझ्याकडे तो लागत नाही. कूलर हवेत पाणी मिसळून ती थंड करतो, आणि आमची हवा आधीच पाण्याने भरलेली. बंद शेडमध्ये कूलर लावला तर तासाभरात घाम सुकणंच बंद होतं. दरवर्षी कोणीतरी हौसेने आणतो आणि गणपतीच्या आत विकतो.

पंख्याचं एक पथ्य पाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकते. टाकी रिकामी करणं, कार्बोरेटर उघडणं, पेट्रोलने भाग धुणं, हे शेडबाहेर आणि पंख्याच्या स्विचपासून लांब करा. उन्हाळ्यात पेट्रोल भराभर उडतं, म्हणून उघडी थाळी तशीच ठेवून चहाला जायचं नाही. आणि ब्रेकचा ड्रम उघडताना झोत बंद. ती पूड ओल्या फडक्याने पुसायची. पंख्याने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली की छातीत जाते.

कामाचा क्रम बदला

शेडवर पैसे खर्च करायची ऐपत नसेल तर निदान हे करा, याला पैसा लागत नाही.

उन्हाळ्यात आम्ही सकाळी ७ ला शटर उघडतो. अंगमेहनतीचं काम तेव्हाच: हेड उतरवणं, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, शॉकअप, स्विंगआर्मचा गंजलेला बोल्ट. या कामाच्या गाड्या आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवायच्या, म्हणजे सकाळी इंजिन थंड मिळतं. ग्राहकाला "उद्या सकाळी आणा" म्हणालात तर तो साडेदहाला येतो, तापलेली गाडी थेट शेडमध्ये घालतो आणि म्हणतो, "जरा बघा ना."

तापलेली गाडी आत घेणं म्हणजे शेडमध्ये पेटती चूल आणून ठेवणं. कुंभार्ली घाट उतरून आलेली गाडी असेल तर इंजिन, सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क सगळंच शेकलेलं असतं. ती बाहेर आंब्याखाली उभी करा, तासभर निवू द्या. ऑइल बदलायचं असेल तर इंजिन पूर्ण गार व्हायची गरज नाही. कोमट ऑइल चांगलं वाहतं, फक्त हात भाजेल इतकं गरम नको. रेडिएटर असलेल्या गाड्यांचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं.

अकरानंतर बसून करायची कामं. वायरिंग, स्विच, हॉर्न, प्लग, कार्बोरेटरची जोडणी, सुट्या भागांची यादी, बिलं. एक ते चार बंद. कोकणात दुपारी दुकान बंद असलं तर गावातलं कोणी काही म्हणत नाही. मे महिन्यात आलेले चाकरमानी तेवढे शटर वाजवतात. त्यांची गाडी वर्षभर पडवीत उभी असते, बॅटरी बसलेली, पेट्रोल जुनं, आणि त्यांना ती आजच्या आज हवी असते. त्यांच्यासाठी पाटी लावा. पाटीशी कोणी भांडत नाही. ट्रायल, वॉशिंग, वेल्डिंग संध्याकाळी.

मधल्या वेळात अंगाला वाटेल तेव्हा नाही, तर घड्याळ बघून थांबा. अंगाला वाटायला लागतं तोपर्यंत उशीर झालेला असतो. भर उन्हाळ्यात पाऊण तास काम, मग दहा-पंधरा मिनिटं पंख्यापुढे कोरड्या बनियनवर. याला आळस म्हणणारा मालक पोरांकडून वाकडे चढवलेले नट काढत बसतो.

नवा हेल्पर हा सगळ्यात नाजूक विषय. मे महिन्यात दहावी-बारावीची पोरं काम शिकायला येतात. पहिल्याच दिवशी दाखवून द्यायची घाई असते आणि मालकालाही फुकटचे हात मिळाल्याचा आनंद असतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर घाम उशिरा येतो, कमी येतो आणि त्यातून मीठ जास्त जातं. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेचा हिशेब सोपा आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी गरमीतलं काम फक्त २० टक्के, मग रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यायचं. जुना कारागीर आजारपणातून किंवा लग्नाच्या सुट्टीवरून परतला तर त्याला पहिल्या दिवशी निम्मं, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. कारण ही सवय काही दिवस काम सुटलं की उतरू लागते. "मी इथलाच आहे, मला काय होतंय" हे म्हणणाऱ्यालाही हाच नियम.

पाणी, मीठ, आणि प्यायचं कसं

दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिली. तहान लागायची वाट बघायची नाही. पण एका तासात दीड लिटरच्या वर ढोसायचंही नाही, नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

अडचण माहितीची नसते, हातांची असते. हात ग्रीसने माखलेले, मडकं लांब, मग "हा बोल्ट काढतो आणि पितो" करत दोन तास जातात. म्हणून प्रत्येकाची बाटली वेगळी, नाव लिहिलेली, हाताशी, आणि तिला धरायला एक स्वच्छ फडकं. पेट्रोलच्या हातांनी बाटलीचं तोंड धरायचं नाही. बाटली किती वेळा भरली यावर मालकाने लक्ष ठेवायचं. लघवीचा रंग बघायची सवय पोरांना लावा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. दुपारपर्यंत एकदाही जावंसं वाटलं नाही तर ती कौतुकाची गोष्ट नाही.

घामातून गेलेलं मीठ जेवणातून भरून निघतं, जेवण टाळलं नाही तर. न्याहारीला पेज किंवा भाकरी, अकराला मीठ-जिरं घातलेलं ताक, दुपारी आमटी-भात आणि सोलकढी, चारला कोकम सरबत किंवा पन्हं, एवढं असेल तर वेगळं काही लागत नाही. ज्या दिवशी कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग दिसतात किंवा पोटऱ्यांत गोळे येतात त्या दिवशी ओआरएस. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचून घ्या, काही पाकिटं लिटरची असतात तर काही पेलाभराची. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ "अजून थोडं" करायचं नाही. ब्लडप्रेशर, साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं आणि सरबताचं डॉक्टरांना विचारूनच.

चहावर माझी बंदी नाही, पण तो पाण्याच्या हिशेबात धरू नका. आदल्या रात्री दारू पिऊन आलेल्याला मात्र मी सकाळी जड कामाला लावत नाही. त्याला बिलं लिहायला बसवतो, आणि तीच त्याची शिक्षा.

कपडे आणि कातडी

सैल सुती शर्ट, पातळ सुती पँट. क्रिकेटची जर्सी घालून येणाऱ्यांना ती दुपारपर्यंत अंगाला चिकटली की आपोआप कळतं. सायलेन्सरपाशी काम असल्याने अर्ध्या चड्डीचा मोह नको. कोरड्या बनियनचा दुसरा जोड आणि पंचा रोज बरोबर; जेवणाआधी अंग पुसून बनियन बदलायचं. एवढ्याने घामोळ्या निम्म्या होतात.

जांघेत किंवा काखेत गोल चट्टा येऊन खाज सुटली तर दुकानातून विचारून मिळणारं "सगळ्यावर चालणारं" मलम लावू नका. त्यात बहुधा स्टेरॉईड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग नायटा दुप्पट जोमाने पसरतो. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. हात पेट्रोलने धुवायची सवयही सोडा. ग्रीसवर लाकडाचा भुसा चोळायचा, मग साबण. घामाने मऊ झालेली कातडी पेट्रोलने फाटते.

घाम, वीज आणि गाडी

कोरड्या हाताला कमी बसणारा शॉक घामेजल्या हाताला जोरात बसतो. हॅन्ड ड्रिल, ग्राइंडर, वॉशिंगचा पंप यांना अर्थिंग हवंच, आणि बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. पायात ओली स्लीपर नको, कोरडे रबरी तळव्याचे बूट हवेत. त्या बुटांत पाय शिजतात, मान्य आहे. मोज्यांचा दुसरा जोड ठेवा.

दमटपणा गाडीच्या भागांनाही सोडत नाही. कपाळावरचा थेंब बेअरिंगवर किंवा घासलेल्या बोअरमध्ये पडला तर तो मिठाचा थेंब असतो, सकाळी तिथे गंजाचा ठिपका दिसतो. कपाळाला पट्टी बांधा, उघडे भाग ऑइल लावून फडक्याखाली ठेवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ या दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही, पण ओलावा मुरलेलं १५५ लाही उकळू शकतं. घाटात ब्रेक पोकळ लागतो तो यामुळे. म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही आणि मागच्या वर्षीचा उरलेला अर्धा डबा वापरायचा नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत आमच्याकडे रोज पाणी साचतं. संध्याकाळी खालचा कॉक उघडून ते काढून टाका. नाहीतर तेच पाणी हवेच्या गनमधून कार्बोरेटरमध्ये जातं, आणि गाडी दुसऱ्या दिवशी परत येते.

कोणी ढेपाळलं तर

पहिली लक्षणं कामात दिसतात. शांत पोरगा चिडचिड करायला लागतो, पाना हातातून सटकतो, सोपा नट वाकडा चढतो. मग डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पायात गोळे. इथेच थांबवा. सावलीत, पंख्यापुढे आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंग ओलं, घोटघोट ओआरएस. अर्ध्या तासात हुशारी आली नाही तर डॉक्टर. आली तरी त्या दिवशी काम बंद.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे. अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मिनिटामिनिटाला मेंदू, किडनी धोक्यात येतात. "उष्माघातात अंग कोरडं पडतं" या समजुतीवर थांबू नका. मेहनत करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी ॲम्ब्युलन्सची वाट न बघता अंग थंड करायला घ्यायचं. सुदैवाने आपल्याकडे वॉशिंगचा रॅम्प असतो. माणसाला तिथे सावलीत आडवं करून साध्या पाइपने आणि बादल्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहायचं. गाड्या धुवायचा प्रेशर पंप वापरायचा नाही, त्याने कातडी सोलते. जोडीला पंखा लावायचा असेल तर तो आणि त्याची वायर ओल्या जागेपासून लांब. शेजारच्या सरबतवाल्याकडून बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांना लावा. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही. ॲम्ब्युलन्सवाल्याला गॅरेजचा पत्ता नीट सांगता यावा म्हणून तो रस्त्याच्या नावासह आणि ठळक खुणेसह भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. घाबरलेल्या हेल्परला रोजचा रस्ताही आठवत नाही.

शेडनेट मे संपायच्या आत उतरवून, घडी करून माळ्यावर टाका. पावसाच्या तोंडावरचं वळवाचं वारं तिला बांबूंसकट शेजाऱ्याच्या आवारात नेऊन टाकतं. बांबू तसेच ठेवलेत तरी चालेल, ऑक्टोबरच्या उकाड्यात ती पुन्हा चढवायची आहे.